बाटलीवरचे नाव आणि बाटलीतले पाणी



शाळेच्या हीरकमहोत्सवात पिण्याच्या पाण्यासारखा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. साठ वर्षांच्या आठवणी, गुरुजनांचे स्मरण, गुणवंतांचे कौतुक हे सारे या सोहळ्यात यथायोग्य होतच आहे. परंतु घराघरांतून शाळेत येणाऱ्या दप्तरांकडे पाहिले, तर साठ वर्षांत त्यांत पडलेली सर्वांत मोठी भर पाण्याच्या बाटलीची आहे. पहिल्या तुकड्यांतील मुले मधल्या सुट्टीत माठापाशी रांग लावीत. आज प्रत्येक मूल आपले पाणी आपल्यासोबत आणते, आणि सहलीला निघाले की पालक वाटेतल्या पाण्यासाठी वेगळे पैसे देतात. त्या पैशांतून मुलाच्या हाती नेमके काय पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

भारतात बाटलीतून पाणी विकण्याचा व्यवसाय आणि ही शाळा जवळपास एकाच वयाची आहेत. १९६५ साली ठाण्यात डॉ. रोस्सी या इटालियन गृहस्थांनी खुशरू सन्तूक यांच्या साथीने ‘बिसलेरी’ या नावाने पाण्याचा कारखाना काढला. हे नाव मूळचे फेलिचे बिसलेरी या इटालियन उद्योजकाचे. काचेच्या बाटलीतले ते पाणी मुंबईतील मोठ्या हॉटेलांपुरतेच होते. घरोघरी नळ आणि विहीर असताना पाणी विकत कोण घेणार, ही त्या काळची सर्वसाधारण भावना होती. १९६९ मध्ये पार्ले समूहाच्या चौहान बंधूंनी ही नाममुद्रा विकत घेतली. पुढे प्लॅस्टिकची हलकी बाटली आली, प्रवास वाढला, नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडत गेला, आणि जे हॉटेलात होते ते पानाच्या टपरीवर आले.

नाव इतके रुळले की ते सामान्यनाम झाले. ‘एक बिसलेरी द्या’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती दुकानदार समोर असेल ती बाटली ठेवतो आणि गिऱ्हाईक ती न पाहताच उघडते. याच सवयीवर एक समांतर धंदा उभा राहिला आहे. प्रसिद्ध नावातील एखादे अक्षर मागेपुढे करावयाचे, चिठ्ठीचा रंग तोच ठेवावयाचा, आणि बसस्थानकाबाहेर विकावयास बसावयाचे. अशा बाटलीतले पाणी वाईटच असते असे नव्हे, परंतु ज्याने नावात लबाडी केली त्याने गाळणीत केली नसेल, असे मानण्यास आधार कोणता?

‘मिनरल वॉटर’ हा शब्दही असाच सैलपणे वापरला जातो. नैसर्गिक झऱ्यातून किंवा भूगर्भातील सुरक्षित स्रोतातून घेतलेले, घटक न बदलता तेथेच भरलेले पाणी म्हणजे नैसर्गिक मिनरल वॉटर. त्याचे भारतीय मानक आयएस १३४२८. बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य बाटल्यांवर मात्र ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे लिहिलेले असते आणि त्यांचे मानक आयएस १४५४३ हे आहे. बोअरचे, विहिरीचे, प्रसंगी नळाचेच पाणी घेऊन ते वाळूच्या व कोळशाच्या गाळणीतून, मग आरओच्या पडद्यातून काढावयाचे, अतिनील किरण आणि ओझोन यांनी निर्जंतुक करावयाचे आणि सीलबंद करावयाचे, ही त्याची रीत. चिठ्ठीवर हिमशिखरे छापली म्हणून पाणी हिमालयातून येत नाही. ते बहुधा जवळच्या औद्योगिक वसाहतीतून येते. त्यात वावगे काही नाही, फक्त गिऱ्हाइकाला ते ठाऊक असावे.

खातीपुऱ्यातील घरांना हा विषय दूरचा नाही. जयपूर हे तहानेशी जुनी ओळख असलेले शहर आहे. येथील रामगढचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सवाई माधोसिंह द्वितीय यांच्या काळात बांधावयास घेतले गेले. पुढे अनेक दशके शहर त्याच पाण्यावर जगले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या होत्या. आज हे मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही, कारण या शतकाच्या प्रारंभीच तो तलाव कोरडा पडला. पाणलोटात झालेली बांधकामे, अडवलेले ओढे आणि बदललेला पाऊस यांनी मिळून तो आटवला. २००९ पासून टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर नळातून कापून जयपुरास येते. ते जेथे पुरेसे पोहोचत नाही तेथे बोअर आहे, बोअर जेथे आटतो तेथे टँकर आहे, आणि या सर्वांच्या जोडीला कॅम्पर आहे. महाराष्ट्रात ज्याला पाण्याचा जार म्हणतात तोच हा कॅम्पर.

म्हणजे एकाच गल्लीतील चार घरांत चार प्रकारचे पाणी असू शकते, आणि प्रत्येकाचा धोका निराळा असतो. धरणाच्या पाण्यात मुख्य भय जंतूंचे. ते क्लोरीनने मरतात, मात्र जुन्या नळवाटेत गटाराचे पाणी शिरले तर पुन्हा येतात. बोअरच्या पाण्याचे भय वेगळे आहे. राजस्थानच्या भूजलात फ्लोराइड अनेक ठिकाणी मर्यादेपेक्षा अधिक आहे. नायट्रेटची स्थिती त्याहून चिंताजनक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार राजस्थान, कर्नाटक आणि तमिळनाडू येथील ४० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे आढळले. अधिक फ्लोराइडने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे कडक होतात. अधिक नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटवते. या दोहोंना रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि घरातील वडीलधाऱ्यांचा ‘उकळून प्या’ हा सल्ला येथे उपयोगी पडत नाही. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड आणि नायट्रेट भांड्यातच राहतात, उलट वाफ निघून गेल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. बोअर असलेल्या घराने एकदा तरी प्रयोगशाळेतून तपासणी करून घेणे आवश्यक आहे ते याचसाठी.

पाण्याविषयीच्या या अनिश्चिततेचा लाभ दारावर येणारे विक्रेते चांगलाच उठवतात. त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. नळाच्या पाण्याचा एक पेला आणि यंत्रातून काढलेल्या पाण्याचा दुसरा, दोहोंत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली जाते. दोन मिनिटांत नळाचे पाणी तपकिरी, गढूळ, किळसवाणे होते आणि यंत्राचे पाणी तसेच स्वच्छ राहते. ‘बघा ताई, हे तुमची मुले पितात!’ घरातील माणसे हादरतात आणि तेथेच आगाऊ रक्कम देतात. दहावीचे विज्ञान ज्यांनी मन लावून शिकले आहे त्यांना यातील मेख लगेच कळेल. क्षार विरघळलेले पाणी वीज वाहून नेते, म्हणून लोखंडी कांडी झिजते, आणि दिसतो तो तिचाच गंज. आरओच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने वीज जवळजवळ वाहतच नाही. त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करावयास सांगावे. तोही तितकाच गढूळ होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी विद्युत अपघटनाच्या आकृत्या काढल्या, त्यांनीच पुढे संसारात या प्रयोगास भुलून हजारो रुपये मोजावेत, हे शिक्षकांना थोडे लागणारच.

टीडीएसच्या आकड्याचेही असेच झाले आहे. विरघळलेल्या क्षारांचा तो एकूण आकडा आहे. त्यावरून जंतू कळत नाहीत, कीटकनाशके कळत नाहीत. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार स्वीकारार्ह आहेत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. ज्यांच्या घरी धरणाचे गोडे पाणी येते त्यांनी केवळ आकडा खाली आणण्यासाठी आरओ लावणे म्हणजे पुष्कळ पाणी मोरीत सोडणे होय. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या भागांत आरओच्या वापरावर बंदी घालण्यास केंद्र सरकारला सांगितले होते, ते याच कारणास्तव. फ्लोराइडयुक्त बोअरच्या घरी मात्र आरओ उपयोगाचा आहे. कोणत्या घरात कोणते पाणी येते, यावर सारे अवलंबून आहे.

आता पुन्हा सीलबंद बाटलीकडे वळू. तिच्यावर सरकारी नजर आहे, ही तिची जमेची बाजू. २००१ साली पॅकबंद पाण्याला भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. परंतु दोनच वर्षांत, फेब्रुवारी २००३ मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्लीतील १७ आणि मुंबईतील १३ नाममुद्रांच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस अशी शेतातील औषधे बहुतेक नमुन्यांत सापडली. देशभर गहजब झाला. त्या गोंधळात एक महत्त्वाची गोष्ट थोड्यांच्याच लक्षात आली. या बाटल्यांनी नियम मोडलाच नव्हता. कीटकनाशके ‘आढळू नयेत’ एवढेच तेव्हाचे मानक म्हणत असे, आणि तपासण्याची मान्य पद्धत इतकी ढोबळ होती की ती आढळतच नसत. म्हणजे चिन्ह खरे होते आणि पाणीही दूषित होते. त्यानंतर सरकारने आकडा ठरवला. १ जानेवारी २००४ पासून कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅमपेक्षा आणि सर्व मिळून ०.०००५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. एका स्वयंसेवी संस्थेच्या चिकाटीतून हा नियम आला. गिऱ्हाइकांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने पॅकबंद पाण्यावरील आयएसआय चिन्हाची सक्ती काढून टाकली. उत्पादकाला दोन परवान्यांचा जाच नको, हा त्यामागचा विचार. महिन्याभरात, नोव्हेंबरअखेरीस, त्याच प्राधिकरणाने हे पाणी ‘अतिजोखमीच्या’ अन्नपदार्थांच्या गटात घातले. त्यामुळे कारखान्यांची दरवर्षी तपासणी अनिवार्य झाली. तपासणीचा कागद वर्षातून एकदा होणार, आणि पाणी रोज भरले जाणार. या दोहोंमधील अंतर कोण भरून काढणार हे स्पष्ट नाही. म्हणून ज्या उत्पादकाने सक्ती नसतानाही आयएसआय चिन्ह राखले आहे, त्याची बाटली निवडण्यास अर्थ आहे.

ते चिन्ह आहे म्हणजे पुरे, असेही नव्हे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो. मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणत्या कारखान्याचा आहे आणि चालू आहे की संपला, हे दिसते. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो. तोही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. येथे नाममुद्रेचा एक पडदा दूर होतो. एकाच नावाचे पाणी अनेक गावांतील अनेक कारखाने भरतात, त्यांतील काही कंपनीचे स्वतःचे, तर काही करारावर काम करणारे. जयपुरात घेतलेली बाटली आणि पुण्यात घेतलेली त्याच नावाची बाटली यांच्यात पाण्याचा स्रोत, यंत्रे, कामगार असे काहीच समान नसण्याची शक्यता असते. गिऱ्हाईक नाव पाहून निवड करते. पाणी मात्र त्या परवान्याच्या पत्त्यावर भरलेले असते.

मोठ्या नावाला काही अर्थच नाही, असे मात्र समजू नये. १९९० मध्ये पेरिए या फ्रेंच पाण्यात बेंझीन हे रसायन सापडले, आणि कंपनीने जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत मागवल्या. गाळण्या वेळेवर बदलल्या नव्हत्या, इतके साधे कारण निघाले. २००४ मध्ये कोका-कोलाने ‘दसानी’ हे पाणी ब्रिटनमध्ये आणले. ते लंडनजवळच्या सिडकपच्या नळाचेच पाणी शुद्ध करून भरलेले आहे, हे कळल्यावर तेथील वृत्तपत्रांनी थट्टा आरंभली. थट्टा चालू असतानाच त्यात ब्रोमेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. पाण्याला चव यावी म्हणून घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होते, आणि निर्जंतुक करण्यासाठी सोडलेल्या ओझोनने त्याचे ब्रोमेट केले. नळातून निघाले तेव्हा ते पाणी निर्दोष होते. सुमारे पाच लाख बाटल्या मागे घेण्यात आल्या आणि ते पाणी पुन्हा ब्रिटनमध्ये दिसले नाही. मोठ्या कंपनीला गमावण्यासारखे पुष्कळ असते, म्हणून ती माल परत घेते. गल्लीतील निनावी कारखाना नाव बदलून पुढच्या महिन्यात तेच पाणी विकू शकतो. नाममुद्रेची किंमत इतपत आहे, अधिक नाही.

याहून गंभीर प्रश्न ज्या पाण्याला नावच नाही त्याचा आहे. लग्नसमारंभ, शिकवणी वर्ग, दुकाने, कार्यालये, वसतिगृहे येथे दररोज पोहोचणारे थंड कॅम्पर सीलबंद नसतात. झाकण हाताने बसवलेले असते. ‘आम्ही पॅकबंद पाणी विकतच नाही, सुटे पाणी विकतो’ या सबबीवर हा व्यवसाय बहुतांशी परवान्याबाहेर चालतो. कॅम्पर कोठे भरला, आतून कधी घासला, कोणत्या पाण्याने विसळला, हे विचारावयाचे कोणाला? आरओमधून काढलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे नंतर त्यात शिरलेला जंतू बिनधोक वाढतो. सरकारी नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे असा दंडक आहे. ज्या वासामुळे माणसे नळाचे पाणी नाकारतात, तो वास त्या पाण्याच्या संरक्षणाची खूण असतो.

येथील अनेक कुटुंबांची मुले उच्च शिक्षणासाठी पुण्यात राहतात. त्यांच्या आईवडिलांना २०२५ चा जानेवारी महिना विसरता येणार नाही. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. जुलाब, उलट्या, आणि काही दिवसांनी पायांतील शक्ती जाणे, अशी त्याची चाल. काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली आणि काहींचा मृत्यू झाला. हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही. पोटात जंतूंचा संसर्ग होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडला, आणि संशय पाण्याकडे वळला.

हा भाग महापालिकेत नव्याने आलेल्या गावांचा. इमारती आधी उभ्या राहिल्या, शुद्ध पाण्याची नळवाट मागाहून यावयाची होती. मधल्या काळात विहीर, टँकर आणि खासगी आरओ केंद्रांतील जार यांवर हजारो कुटुंबे अवलंबून होती. महापालिकेने या खासगी केंद्रांतील पाणी तपासले तेव्हा काही ठिकाणी कोलिफॉर्म आणि ई-कोलाय जीवाणू मिळाले, म्हणजे मैलापाण्याचा संपर्क. पुष्कळ केंद्रांकडे परवानगीच नव्हती. पुढील काही दिवसांत अशी अनेक केंद्रे टाळेबंद झाली. हा आजार जारच्या पाण्यानेच पसरला असे ठामपणे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि तसा दावा येथे करावयाचा नाही. परंतु ही केंद्रे त्या जानेवारीत सुरू झाली नव्हती. त्यांच्या पाण्यात मैल्याचे जंतू आहेत हे कळण्यासाठी माणसे अतिदक्षता विभागात जावी लागली. ज्या आईने नळाचे पाणी नको म्हणून पैसे मोजून जार घेतला, तिने आपल्या परीने काळजीच घेतली होती. तिला निवड करता येईल अशी माहितीच कोणी दिली नव्हती.

पाणी कोठून येते, याचाही विचार व्हावयास हवा. जयपूरपासून साधारण ४० किलोमीटरवर कालाडेरा येथे या शतकाच्या आरंभी कोका-कोलाचा शीतपेये भरण्याचा कारखाना सुरू झाला. तेथील भूजल अतिउपसा झालेले म्हणून आधीच घोषित होते. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. २००८ मध्ये टेरी या संस्थेने कंपनीसाठीच केलेल्या पाहणीत म्हटले की, पाणी अन्यत्र कोठून आणावे, साठवावे, कारखाना हलवावा किंवा बंद करावा. पुढे २०१६ च्या सुमारास तेथील उत्पादन थांबले. विहिरी खोल गेल्याचा सारा दोष एका कारखान्याचा नव्हता, शेतीचा उपसा त्याहून कितीतरी मोठा होता. तरीही ज्या गावातील बायका हंडा घेऊन दूर जात होत्या, त्याच गावातून बाटल्यांचे ट्रक बाहेर पडत होते, हे दृश्य काही केल्या बरोबर नव्हते.

एक लिटर बाटलीला २० रुपये धरले, तर हजार लिटर पाण्याचे २० हजार होतात. नळाच्या हजार लिटरांचे देयक त्यापुढे नगण्य ठरते. हा फरक परवडणाऱ्या घरांनी नळाकडे पाठ फिरवली, की नळाविषयी तक्रार करणारा सुशिक्षित आवाजही नाहीसा होतो. मग त्या नळावर उरतात ती माणसे, ज्यांच्या अर्जाला उत्तर मिळत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो हक्क मागितला, तो सार्वजनिक पाणवठ्यावरचा होता. त्या पाणवठ्याचा कारभार आज जलदाय विभागाकडे किंवा नगरपालिकेकडे आहे, आणि माहितीच्या अधिकारात त्याच्या तपासणीचे आकडे मागता येतात. खासगी बाटलीच्या कारखान्याला ते विचारण्याची सोय सामान्य गिऱ्हाइकाला नाही.

पालकांच्या नित्याच्या उपयोगाच्या काही गोष्टी अशा. बाटली घेताना सील, भरल्याची तारीख आणि दोन्ही परवाने पाहावेत. चैत्र-वैशाखात दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या बाटल्या घेऊ नयेत, कारण उष्णतेने पेट प्लॅस्टिकमधील अँटिमनी पाण्यात उतरण्याचे प्रमाण वाढते. एकदा वापरलेली बाटली मुलाच्या दप्तरात महिनोन्‌महिने फिरवू नये. स्टीलची बाटली उत्तम, परंतु तिचे बूच आणि रबरी कडी रोज घासली पाहिजे. जंतू तेथेच राहतात. रिकामी बाटली चुरगाळून टाकावी, तशी सूचना चिठ्ठीवरही असते. रेल्वे फलाटावर वेचलेल्या बाटल्या पुन्हा भरून विकल्या जातात, त्याला हाच एक अटकाव. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले किंवा पाण्यात काही आढळले, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवता येते. बाटली फेकू नये, तोच पुरावा असतो. हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीसाठी मात्र छापील किमतीहून अधिक घेता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय आहे. तेथे वाद घालण्यात अर्थ नाही, साधे पाणी मागावे.

प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कणांविषयी पालक वारंवार विचारतात. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण मोजले, आणि त्यांतील बहुतांश इतके बारीक होते की पूर्वीच्या पद्धतींनी ते दिसतच नसत. शरीरावर त्यांचा परिणाम काय, याचा अभ्यास अजून चालू आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र घरी चांगले पाणी असताना सोय म्हणून बाटलीची सवय लावण्याचेही कारण नाही.

शाळेच्या बाबतीत पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात आणि त्यांचे उत्तर कोणत्याही शाळेने द्यावे. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, तपासणीचा दाखला कोणत्या तारखेचा आहे, आणि स्नेहसंमेलनाला येणारे कॅम्पर कोणत्या परवान्याचे आहेत. हे प्रश्न विचारणारा पालक कटकटी समजला जातो. समजू द्यावे.

ज्यांना घरच्या पाण्याची तपासणी करावयाची आहे त्यांच्यासाठी सरकारी जलपरीक्षण प्रयोगशाळा आता सर्वसामान्यांनाही नाममात्र शुल्कात खुल्या आहेत. फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार यांसाठी स्वच्छ बाटलीत एक-दोन लिटर पाणी पुरते. जंतूंच्या तपासणीस प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणावी, नळ काही मिनिटे वाहू द्यावा, बुचाच्या आतल्या बाजूस बोट लावू नये, आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांच्या आत पोहोचवावा. बोअरचे पाणी असेल तर उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असे दोन नमुने द्यावेत, कारण या दोन ऋतूंत त्याच बोअरचे आकडे सारखे येत नाहीत.